अध्यक्षांचा फ्लेक्स आणि पालकांचं मत

आज सकाळपासून तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच फ्लेक्स फिरतोय. मधोमध हात जोडलेले भाऊ, वरच्या कडेला नेत्यांचे गोल फोटो, खाली 'शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि त्याखाली आपल्याच मित्रमंडळींचे हार-तुरे. भाऊंची स्वतःची दोन्ही मुलं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात. इथल्या शाळेत पुतण्या आहे, त्याचे हे 'पालक'. पुतण्याचे आईवडील त्याच घरात राहतात, पण ते असो.

समिती निवडायची पालकसभा कधी ठेवली? मंगळवारी, सकाळी अकराला, ऐन खुरपणीत. निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी. आठ-दहा बाया आल्या, यादी वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, सह्या झाल्या, चहा झाला. याला तुम्ही निवडणूक म्हणता?

ही समिती म्हणजे झेंडावंदनाला खुर्ची मिळवायची सोय नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच्या कलम २१ मध्ये ती आहे. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित-दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामकाजावर लक्ष, विकास आराखडा आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख, ही तिची कामं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शाळांसाठीच्या योजनेमधून वर्षाला ५० हजारांचं संयुक्त शाळा अनुदान मंजूर असतं. हातात पडतं ते बऱ्याचदा उशिरा आणि तुटपुंजं, पण त्याचा हिशोब याच टेबलावर मांडायचा असतो. गणवेशाचं आठवतंय ना? २०२४ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश वरून द्यायचा घाट घातला, मापं चुकली, पोरं कित्येक महिने जुन्याच कपड्यांत बसली. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे कापड कुठलं, शिवणार कोण, हे आता फ्लेक्सवरचे भाऊ ठरवणार. टाळ्या वाजवताना एवढं तरी लक्षात होतं का?

आता आकडेमोड बघा, कारण खरी लबाडी तिथेच होते. आपल्या राज्याने १७ जून २०१० च्या शासन निर्णयात समिती १२ ते १६ जणांची ठरवली, मुख्याध्यापक सदस्य-सचिव म्हणून वेगळे. बारांची धरली तर नऊ पालक, आणि उरलेल्या तिघांत एक ग्रामपंचायतीचा, एक शिक्षक, एक शिक्षणतज्ज्ञ. हे तिघेही पुरुष निघाले (निघतातच) तर सहा महिला पालकांमधूनच यायला हव्यात. नवांत सहा! मग यादीत सहा नावं पडतात आणि बैठकीला सहा नवरे येतात. इतिवृत्तावर सह्या मात्र बायकांच्या, त्याही नंतर घरी रजिस्टर पाठवून घेतलेल्या.

दुसरी मेख मुदतीची. समिती दोन वर्षांसाठी, पण मूल शाळेतून गेलं की पालकाचं सदस्यत्वही जातं. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीच्या पालकाला अध्यक्ष केलंत तर पुढच्या जूनमध्ये खुर्ची रिकामी. मग उपाध्यक्ष 'प्रभारी' होतात, रिकाम्या जागेसाठी पालकसभा कुणी बोलवत नाही, आणि वर्षभर कारभार तसाच रेटला जातो. अध्यक्ष पहिली ते तिसरीच्या पालकांतून निवडावा, एवढं साधं आहे. फ्लेक्सवाल्या भाऊंचा पुतण्या कितवीत आहे, विचारा बरं कुणीतरी. चौथीत!

मान्य, मजुरी बुडवून सभेला बसणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून तर सभा रविवारी किंवा संध्याकाळी मागायची. हेही मान्य, की वीस पटाच्या वाडीवरच्या शाळेत नऊ पालक जमवतानाच गुरुजींना घाम फुटतो. त्या गुरुजींवर माझा राग नाही. शिकवणं, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, त्यात आधार जुळत नाही म्हणून अडलेली पोरं, आणि वर सरपंचांचा फोन: 'यादी पाठवतो, तेवढी वाचा.' बदलीची भीती असलेला माणूस काय करणार? वाचतो.

'मतदान घेतलं की गावात गट पडतात' म्हणणाऱ्यांचा मात्र राग येतो. गट आधीच पडलेले आहेत. फक्त ज्यांची पोरं त्या बाकांवर बसतात, त्यांचा गट कुठेच नाही.

सभा अजून व्हायची असेल तर नीट घ्या, तासाभराचं काम आहे. हजेरीपटावरून वर्गवार पालकांची यादी आधी करा. निरोप आठवडाभर आधी, मुलांच्या वहीत लिहून आणि दवंडी देऊन, दोन्ही. नुसता व्हॉट्सॲपवर टाकलात तर फोन बापाच्या खिशात राहतो, आईला कळतच नाही. एका मुलामागे एक मत की आई-बाप दोघांना, हे नावं येण्याआधी ठरवून इतिवृत्तात लिहा. मोजणीनंतर हाच मुद्दा उकरून सभा उधळतात. पालक वर्गवार बसवा, प्रत्येक वर्गाने आपला माणूस सुचवायचा, सूचक-अनुमोदक नोंदवायचे. एकाहून जास्त नावं आली तर चिठ्ठ्या. कायद्यात गुप्त मतदानाची सक्ती नाही, पण हात वर करायला लावलं की सावकारासमोर कूळ हात वर करत नाही, हे सांगायला कायदा कशाला हवा? वहीच्या पानाचे चार तुकडे, एक रिकामा डबा, झालं. लिहिता न येणाऱ्यांसाठी उमेदवारागणिक खूण ठरवा: फूल, पाटी, काहीही. मोजायला दुसऱ्या वर्गाचे दोन पालक. आकडे इतिवृत्तात, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून मगच सह्या. कोऱ्या जागेवर सही करायची नाही, गुरुजी कितीही चांगले असले तरी.

अध्यक्ष-उपाध्यक्ष नंतर, निवडून आलेल्या पालक सदस्यांतूनच. ग्रामपंचायत सदस्याला त्या खुर्चीवर बसता येत नाही. तो पालक म्हणून निवडून आला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ही पळवाट गावोगाव वापरतात हे मला ठाऊक आहे.

भाऊंच्या समितीतल्या महिला सदस्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. बैठक महिन्याला एक असते. तुम्ही स्वतः जा, नवऱ्याला घरी बसवा, आणि अनुदानाचं पासबुक आणि खर्चाच्या पावत्या बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

ज्यांची निवड अशीच टाळ्यांवर उरकली, त्यांनी आधी केंद्रप्रमुखांकडे (आजूबाजूच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) लेखी तक्रार द्या, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. पालकसभेची सूचना, उपस्थितीच्या सह्या आणि इतिवृत्त, तिन्हींच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. उपस्थितीची यादी नक्की मागा, कारण त्या दिवशी पुण्यात कामाला असलेल्या लोकांच्या सह्या तिथेच सापडतात.