परीक्षा बंद झाल्या म्हणे!

‘2010 साली सरकारने आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद केल्या आणि मराठी शाळांची वाट लागली. आता शिक्षक तोंडी काहीतरी विचारतात, चित्रं काढून घेतात आणि गुण वाटतात. हे काही मूल्यमापन नव्हे. आम्हाला नापास करायचे म्हणून आम्ही शिकलो. शिक्षकांनाच काम नको आहे. जागे व्हा, दर रविवारी घरी लेखी चाचणी घ्या.’ असा एक फॉरवर्ड फिरतोय, खाली जोडलेले हात वगैरे. एरवी मी तो उघडलाही नसता. पण तो आमच्या वहिनीने वाचला आणि तिसरीतल्या माझ्या भाचीची रविवारची चाचणी सुरू झाली. लाल पेन, पन्नासपैकी गुण, कमी पडले तर टीव्ही बंद. मी स्वतः तिसरीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे गप्प बसणं जमणार नाही.

आधी ‘परीक्षा बंद’चं बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 ने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली होती. शाळेने परीक्षा घेऊ नये असं त्या कायद्यात कुठेही नाही. उलट कलम 29 सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगतं. त्याप्रमाणे महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला 20 ऑगस्ट 2010 ला. त्यात सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन, म्हणजे वर्षातून दोनदा, आणि वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिक 70, संकलित 30. सातवी-आठवीपर्यंत ते 40 आणि 60 होतं. शंभरातले साठ गुण सत्राच्या शेवटी, आणि म्हणे परीक्षा बंद! शिवाय 2019 मध्ये कायदाच बदलला. 2023-24 पासून आपल्याकडे पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात मूल नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही नापास झालं तर तोच वर्ग. फॉरवर्डला यातलं काही ठाऊकच नाही.

खरा राग मला येतो तो ‘तोंडी विचारणं हे मूल्यमापन नव्हे’ या वाक्याचा.

52 मधून 38 वजा करा. तिसरीत दरवर्षी काही मुलं 26 उत्तर काढतात. लेखी चाचणीत त्यावर फुली पडते, शून्य गुण, विषय संपला. मी मुलाला जवळ बोलावून ‘कसं केलंस, सांग बघू’ असं विचारते. तो बिनधास्त सांगतो, ‘मोठ्यातून लहान जातं ना बाई? मग आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन.’ म्हणजे त्याला वजाबाकी येत नाही असं नाही. दशक सुटा करायचा हे त्याला उमगलेलं नाही, एवढंच. दुसरं मूलही चुकलेलं असतं, पण त्याने फळ्यावरून 38 ऐवजी 83 उतरवलेलं असतं. तिसरं ‘बावन्न’ ऐकून 25 लिहितं, कारण आपल्याकडे एकक आधी बोलतात आणि दशक नंतर. (याच कारणासाठी 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचन आलं, तेव्हा गदारोळ झाला होता. असो.) पूर्ण चाचणीत तिघांनाही दहापैकी चारच. उपाय मात्र तिघांचे तीन: पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडायला द्यायचे, दुसऱ्याला पुढच्या बाकावर बसवून डोळे तपासायला सांगायचे, तिसऱ्याकडून संख्यावाचन करून घ्यायचं. हे त्या चारमधून कसं कळणार? आणि कळलं तरी सत्र संपल्यावर कळून काय उपयोग? आकारिकची साधनं म्हणून शासन निर्णयात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आहेत आणि छोटी लेखी चाचणीसुद्धा आहे. चाचणीला कुणाची ना नाही. पण चाचणी झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा तास बदलला नाही, तर ती फक्त मोजणी झाली.

आता लाल पेनातल्या गुणांचं. रुथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला: काय जमलंय, काय सुधारायचंय. काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेल्यांचा फायदा व्हायला हवा होता ना? झाला नाही, ती गुणवाल्यांच्याच ओळीत राहिली. गुण दिसला की शेरा वाचतो कोण! वहिनी तर शेराही लिहीत नाही. भाची आता चाचणीच्या आदल्या दिवशी उदाहरणं उत्तरांसकट पाठ करते. गणित पाठ!

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. बऱ्याच शाळांत आकारिकच्या नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरल्या जातात. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘अक्षर वळणदार काढतो’ अशा तयार वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्याच ग्रुपवर फिरतात आणि अख्खा वर्ग वळणदार अक्षर काढू लागतो. दोन शिक्षकांवर चार वर्ग आणि वर ऑनलाइन माहित्या, ही कारणं खरी आहेत. तरी मुलाकडे न बघता भरलेली नोंदवही ही फसवणूकच आहे. पालक चिडले तर चूक नाही. पण त्यावर इलाज म्हणजे मुलाकडे बघणं, ते सोडून लाल पेन नव्हे.

‘नापास केलं म्हणून शिकलो’ असं म्हणणारे सगळे पुढे गेलेलेच असतात. दोनदा चौथीत बसून शाळा सोडलेला त्यांचा वर्गमित्र त्या ग्रुपवर नसतो, म्हणून त्याचं मत कळत नाही.

आणि ‘शिक्षकांना काम नको’? तीस पेपर एका संध्याकाळी तपासून होतात. तीस मुलांपैकी कुणाचं कुठे अडलंय हे रोज हेरून उद्याची तयारी त्याप्रमाणे बदलायची, याला वर्ष पुरत नाही. काम टाळायचं असतं तर मीसुद्धा दर शनिवारी चाचणीच घेतली असती.