टर्बोच्या ड्रॅग गाडीला अ‍ॅल्युमिनियमचा एक्झॉस्ट लावू नका

सोलापुरातल्या गाडीवाल्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, टर्बोच्या ड्रॅग गाडीचा, म्हणजे सरळ रेषेत थोडं अंतर मारायच्या शर्यतीच्या गाडीचा, मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू टर्बोला पोचवणारा भाग) आणि डाउनपाइप (टर्बोतून तो वायू पुढे नेणारा पाइप) अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्या. वजन एक तृतीयांशावर येतं. धाव दहा-बारा सेकंदांची, पाइप तापायच्या आत संपते. पिस्टन आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचेच असतात, मग एक्झॉस्टला काय होणार? शिवाय अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं, ते टर्बोला चांगलंच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगवाल्याला हा मेसेज दाखवून काम सांगायच्या आधी एवढं वाचा.

वजनाचं आधी बघू. तीन इंची, 16 गेजचा (गेजचा आकडा वाढला की भिंत पातळ) एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाइप मीटरला साधारण तीन किलो भरतो. त्याच जाडीचं अ‍ॅल्युमिनियम एक किलो. इथवर मेसेज बरोबर आहे. पण त्या जाडीचं अ‍ॅल्युमिनियम तिथं कुणी टिकवून दाखवणार नाही, निदान तीन मिलिमीटर भिंत घ्यावी लागते. मग मीटरला 1 किलो 850 ग्रॅम झाले. आणि एसएसच 18 गेजमध्ये घेतलं तर सव्वादोन किलो. म्हणजे सगळा खटाटोप मीटरमागे चारशे ग्रॅमसाठी. ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा असा की पाव मैलात, म्हणजे 402 मीटरमध्ये, 45 किलो कमी केले की दशांश सेकंद मिळतो. तुमचं तुम्हीच गणित करा. मागची सीट काढली तरी याहून जास्त मिळेल.

आता ‘तापायच्या आत धाव संपते’ हा मुद्दा. सगळा घोळ इथंच आहे. पूर्ण बूस्टवर (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) पेट्रोल टर्बो इंजिनात टर्बाइनच्या (जळक्या वायूनं फिरणारं टर्बोचं चाक) तोंडाशी वायू 850 ते 950 डिग्री असतो, कधी त्याच्याही वर. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 ला वितळतं. फॅब्रिकेशनला आपण जे 6061 वापरतो ते 582 च्या आसपासच वितळायला लागतं. आणि वितळणं ही फार पुढची गोष्ट झाली. या मिश्रधातूला ताकद येते ती भट्टीत 160-175 डिग्रीला तासन्‌तास ठेवून. त्यावर तापमान गेलं की तीच ताकद उतरायला लागते. 300 च्या पुढे बराच वेळ राहिलं तर दहावा हिस्साही उरत नाही. हे नुकसान साठत जातं: आजची धाव, उद्याची धाव, सगळं त्याच पाइपच्या खात्यावर चढतं. वेल्डच्या कडेची पट्टी तर वेल्ड मारतानाच मऊ झालेली असते.

शिवाय दहा सेकंद फक्त घड्याळातले. त्याआधी बर्नआउट (जागीच चाकं फिरवून टायर तापवणं) असतो, मग लाइनवर टू-स्टेप (गाडी उभी असताना इंजिनचा वेग अडवून धरणारी सोय) धरून बूस्ट चढवणं असतं. त्या वेळी इग्निशन मागे ओढलेलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असल्यानं पेट्रोल चक्क मॅनिफोल्डमध्ये जळतं. त्यात सारख्या जाडीच्या स्टीलपेक्षा अ‍ॅल्युमिनियमला तेवढंच तापायला सुमारे 40 टक्के कमी उष्णता पुरते. म्हणजे ते लवकर तापतं, उशिरा नाही!

टिग वेल्डिंग मारणाऱ्या कुठल्याही कारागिराच्या शेजारी उभं राहून बघा. स्टील तापलं की आधी तांबडं, मग नारिंगी होतं, डोळ्याला इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम तसंच चंदेरी दिसत राहतं आणि एकदम खाली ढासळतं. गाडीखाली ते ढासळलं की 900 डिग्रीचा झोत ब्रेकच्या पाइपवर, वायरिंगवर, टर्बोच्या ऑइल लाइनवर जातो. नाहीतर तुटलेला तुकडा टर्बाइनच्या पात्यांत. आत बसलेल्या पोराचा विचार करा.

पिस्टन-हेडचा दाखला ऐकायला पटतो, पण त्यांना कुणी गार ठेवतंय. हेडच्या एक्झॉस्ट पोर्टभोवती पाण्याचं जॅकेट असतं, पिस्टनला खालून ऑइल मिळतं, आणि चारातल्या एकाच स्ट्रोकला आग असते. काही नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच अ‍ॅल्युमिनियमचा ओततात, तोही पाण्यानं वेढलेला. तुमच्या डाउनपाइपला पाणी कुठून देणार? टर्बो हातात घेऊन बघा: थंड बाजूची हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमची, गरम बाजूची ओतीव लोखंडाची. टर्बो बनवणाऱ्यांनी उत्तर तिथंच दिलंय.

उष्णता बाहेर टाकण्याचं म्हणाल, तर टर्बाइन चालतेच त्या वायूच्या उष्णतेवर आणि दाबावर. वाटेत वायू गार झाला की बूस्ट उशिरा येणार. बरं, मेसेजच्या शेवटी ‘रॅप (पाइपवरची उष्णतारोधक पट्टी) गुंडाळा’ असंही आहे. रॅपनं उष्णता आत कोंडते, म्हणजे पाइप आणखी तापतो. एकाच मेसेजमध्ये दोन उलट सल्ले.

बाइकचे अ‍ॅल्युमिनियमचे सायलेन्सर दाखवून कुणी वाद घालेल. ते बाहेरचं कवच असतं. आत जाळीची स्टील नळी आणि लोकर असते.

अ‍ॅल्युमिनियम वापरायचंच तर इंटरकूलरला वापरा, बूस्ट पाइपला वापरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43 च्या घरात जातो, तेव्हा हवा गार करायला तिथं त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डाउनपाइप 18 गेज एसएसमध्ये करा. मॅनिफोल्डला 321 जातीचं एसएस मिळालं तर उत्तम, नाहीतर जाड भिंतीचं 304 घ्या, आणि टर्बोचं वजन त्याच्यावर न टांगता ब्लॉकवरून ब्रॅकेट काढा.