बिल्ले सगळ्यांवर, उजेड कशातच नाही

४३ इंचांचा एक टीव्ही २५ हजारांना आणि शेजारचा ४५ हजारांना का, एवढ्या साध्या प्रश्नासाठी मी गेले तीन रविवार दुकानांचे उंबरठे झिजवत आहे आणि सगळीकडे उत्तराऐवजी मला बिल्लेच दाखवले जातात. दोन्हींवर ‘फोर-के’, म्हणजे बारीक ठिपक्यांचे रेखीव चित्र; दोन्हींवर ‘एचडीआर’, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार यांतला फरक ठसठशीत दाखवण्याचा दावा! अहो, ज्या पडद्याची उजळता जेमतेम २५० ते ३०० निट्स (हे पडद्याचा उजेड मोजायचे एकक) आहे आणि ज्याला चित्रातला अंधारा भाग वेगळा मंद करता येत नाही, तो एचडीआरचा संकेत फक्त वाचणार. दाखवणार काय, कपाळ? जाहिरातीत ठळक १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करण्याचा दावा; तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ६० हर्ट्झचे पॅनेल. मग उरलेले ६० दिवाळीची भेट समजायचे का? बरे, महागडा घ्यावा, तर मॉडेलच्या क्रमांकातले एक अक्षर बदलताच लोकल डिमिंग, म्हणजे अंधारा भाग वेगळा मंद करण्याची तीच सोय, गायब होते. विक्रेता मात्र दोन्ही पडद्यांवर तेच रंगीत मासे पोहत ठेवून ‘साहेब, फरक डोळ्यांनीच बघा ना’ म्हणतो. मी घरी मासे नाही हो, सातच्या बातम्या पाहणार आहे! सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा निवड सोपी होईल असे मला, भाबड्याला, वाटले होते. झाले एवढेच की पूर्वी आवाक्याबाहेरचे आणखी चार संच माझ्या यादीत येऊन बसले.