रिस्टोर पॉइंट चोरीला जात नाहीत

देवगडहून मामाचा फोन आला तो रडकुंडीलाच येऊन. "गो, मेसेजात लिवलेला तसाच केलंय, आता एकव पॉइंट दिसणा नाय!" पॉइंट म्हणजे रिस्टोर पॉइंट: काही बिघडलं तर विंडोजला मागच्या स्थितीत नेता यावं म्हणून कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेली त्या वेळची नोंद. आणि कसला मेसेज, तर भावकीच्या ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक फॉरवर्ड. मलाही या आठवड्यात तो तिसऱ्यांदा आला: ‘कॉम्प्युटरमधले रिस्टोर पॉइंट गायब झाले असतील तर सावधान, हॅकर आत शिरला आहे!’ खाली उपायांची जंत्री, शेवटी एक मोबाइल नंबर, आणि अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’. दोनदा मी नुसता पुसून टाकला होता. आता मात्र लिहिते.

मामाचं झालं असं. आंब्याच्या पेट्यांचा यंदाचा सगळा हिशेब एक्सेलच्या एका फाइलीत. गेल्या आठवड्यात त्याच फाइलीवर त्याने खताचा हिशेब लिहिला आणि सेव्ह करून मोकळा झाला. मग आठवलं की मार्चमध्ये नवा प्रिंटर जोडताना आपण स्वतःच्या हाताने एक रिस्टोर पॉइंट केला होता. बघतो तर तो यादीत नाही. त्याच संध्याकाळी हा फॉरवर्ड येऊन थडकला.

पहिला दावा हॅकरचा. मामाचा पॉइंट मार्चमधला आणि आता श्रावण चालू आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी जून २०२५ मध्ये जे सिक्युरिटी अपडेट आलं, त्याच्या माहितीत मायक्रोसॉफ्टने स्वच्छ लिहिलंय की रिस्टोर पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस ठेवले जातील, त्याहून जुने मिळणार नाहीत. मामाच्या कॉम्प्युटरवर हीच आवृत्ती आहे. म्हणजे तो पॉइंट मिरगाच्या पावसाआधीच मुदत संपून गेला. कोणी नेला नाही.

बाकीची कारणंही अशीच घरगुती. पॉइंटसाठी डिस्कवर ठरावीक जागा राखलेली असते, ती भरली की सगळ्यात जुना आधी जातो. २५६ जीबीच्या डिस्कवर २ टक्के राखले असतील तर जेमतेम ५ जीबी, त्यात मावणार किती? विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की मागचे पॉइंट जातात. पुष्कळ कॉम्प्युटरवर तर सिस्टीम प्रोटेक्शन, म्हणजे हे पॉइंट करणारी सोय, पहिल्या दिवसापासून बंदच असतं, मग पॉइंट झालेच नव्हते ते गायब कुठून होणार? आणि कधी कधी ते तिथेच असतात. यादी आधी फक्त अलीकडचे दाखवते, खालच्या ‘शो मोअर रिस्टोर पॉइंट्स’च्या चौकोनात टिक केली की जुनेही दिसतात. एवढी एक टिक करून बघा, हे त्या मेसेजमध्ये कुठेही नाही.

हॅकरच्या बाजूने एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. खंडणी मागणारे व्हायरस पॉइंट मुद्दाम पुसतात. २०१७ मधल्या वॉनाक्रायने तेच केलं होतं. पण तेव्हा तुमच्या फाइली कुलूपबंद होतात आणि पैसे मागणारी पाटी स्क्रीनवर झळकते. रिस्टोर पॉइंट मोजत बसायची वेळच येत नाही.

आता तो उपाय, ज्याने माझं डोकं फिरलं. ‘सिस्टीम प्रोटेक्शन बंद करा, येस दाबा, पुन्हा चालू करा, सगळे पॉइंट परत येतील.’ अरे, बंद करताना विंडोज स्वतः विचारतं, खात्री आहे ना? या ड्राइव्हवरचे असलेले पॉइंट पुसले जातील. ‘येस दाबा’ म्हणणाऱ्याने ती दोन ओळींची पाटी वाचली नव्हती, की वाचूनही लिहिलं? मार्चचा पॉइंट गेला होता खरा, पण मामाच्या यादीत तेव्हा एक पॉइंट शिल्लक होता, पंधरा दिवसांपूर्वीच्या अपडेटच्या वेळचा. मामाने येस दाबलं. पुन्हा चालू केल्यावर यादी कोरी.

आणि याच मेसेजचा पुढचा दावा: ‘रिस्टोर केलं की पुसलेले फोटो, हिशेब परत येतात.’ नाही येत. सिस्टीम रिस्टोर, म्हणजे पॉइंटवर परत जाणं, विंडोजच्या फाइली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्राम) आणि प्रोग्राम मागे नेतं. तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाही. फाइलीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ नावाचं पान असतं, तिथे रिस्टोर पॉइंटच्या वेळची जुनी प्रत कधी कधी सापडते. म्हणजे दाव्यात अर्धा गुंज खरेपणा आहे. पण ती प्रत ज्या पॉइंटमध्ये असते, तोच यांनी पुसायला लावला! मामाने फाइल बिघडवली गेल्या आठवड्यात, पॉइंट त्याच्या आधीचा. पेट्यांचा हिशेब कदाचित तिथे मिळाला असता. मी फोनवरून ते पान उघडायला लावलं. रिकामं.

‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा व्हायरसचा फोल्डर आहे, उडवा.’ त्यातच तर पॉइंट राहतात. विंडोज सहसा तो उघडू देत नाही, तेच बरं.

‘किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने पॉइंट पुसले जातात.’ खारी हवा कॉम्प्युटरचे सांधे खाते हे खरं, आमच्या दारातला लोखंडी गेटही तिने खाल्लाय. पण ती तारखा बघून पॉइंट निवडत नाही. पावसात लाइट धाडकन गेली तर डिस्कवरच्या नोंदी बिघडू शकतात, तिथे पॉइंटचंही नुकसान होऊ शकतं. त्यासाठी यूपीएस घ्या, लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारी बॅटरी. मेसेजमध्ये कॉम्प्युटर तांदळाच्या पिंपाजवळ ठेवायला सांगितलंय, त्यावर मी काय बोलू!

मामाकडे आता प्रोटेक्शन चालू आहे, जागा ८ टक्के केली, ‘क्रिएट’ दाबून एक ताजा पॉइंटही केला. हिशेबाच्या फाइलीची प्रत मात्र वेगळ्या पेन ड्राइव्हवर, दर शनिवारी. पॉइंटच्या भरवशावर हिशेब ठेवायचा नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

राहिला तो शेवटचा नंबर. ‘आमचा माणूस लांबूनच कॉम्प्युटर हातात घेऊन पॉइंट परत आणून देईल.’ असा नंबर कुणी आधीच लावला असेल आणि पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर कळवा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे ती. मेसेजमधला तो मोबाइल नंबर मामाने दोनदा फिरवला होता. पडवीत रेंज नव्हती म्हणून लागला नाही. तिसऱ्यांदा लावायला सड्यावर, वरच्या कातळपठारावर, जायला निघाला, तेवढ्यात पावसाची सर आली.