सिरपूर ‘युनोच्या ताब्यात’ गेलेला नाही: एक खुलासा

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर मेसेज फिरतोय: “सिरपूर तलाव रामसर झाला, आता तो युनोच्या ताब्यात. काठावर कुणी वीटही रचू शकत नाही, निश्चिंत राहा.” मीही तो न वाचता पुढे ढकलला होता, म्हणून हे लिहिणं आलं.

ताबा कुणाकडेही गेलेला नाही. रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव (प्रभू रामचंद्रांचा इथे संबंध नाही, काकू). १९७१ साली तिथे पाणथळ जागांचा करार झाला, १९८२ साली भारत त्यात आला आणि होळकरांनी बांधलेला आपला सिरपूर २०२२ साली त्या कराराच्या यादीत गेला. पण रामसरवाले काही इथे बुलडोझर अडवायला येत नाहीत. अडवतात ते आपलेच २०१७ चे पाणथळ नियम. अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना मनाई; सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरांत पक्कं बांधकाम नाही, बोटीचा धक्का तेवढा चालतो.

आता त्या ५० मीटरांपलीकडे हे कलम पोहोचत नाही, आणि लॉन-रिसॉर्टवाल्यांना टेप धरता येते.

काठावर सकाळी थोडं थांबलात तर कमळपक्षी दिसेल: लांबलचक बोटं पसरून तरंगत्या पानांवरून चालतो, पान जरासं दबतं, बुडत नाही. भराव पडला की आधी ती पानं जातात.

तेव्हा भराव दिसला तर ग्रुपवर नको, तारखेसह फोटो काढून महापालिकेत लेखी द्या. पोचपावती घ्या.