दात आंबतात ते उगाच नाही: लिंबू-सोड्याच्या मेसेजला उत्तर

लग्नसराई जवळ आली की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो. यंदा मला तो घरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर खायचा सोडा आणि थोडं मीठ एकत्र करून रोज तीन मिनिटं बोटाने दातांवर चोळा. पंधरा दिवसांत दातांवर साचलेला पिवळा थर निघेल, खर्‍याचे (तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या मिश्रणाचे) डागही जातील. सगळं नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय नाही. दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नका, सफाईने दात हलतात आणि ब्लीचिंगने वरचं आवरण जळतं.

मी नागपुरात दातांची डॉक्टर आहे. हा मेसेज खरा मानून महिनाभर लिंबू चोळलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर देते.

पहिला दावा, पिवळेपणा म्हणजे साचलेला थर. बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, थोडंफार पारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन असतं आणि त्याचा रंगच पिवळसर असतो. आपल्याला दिसतो तो पुष्कळसा या आतल्या थराचा रंग. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं, म्हणून आजीचे दात नातवापेक्षा पिवळे दिसतात. दुधाचे दात पांढरेशुभ्र असतात, त्यांच्या शेजारी नुकताच आलेला पक्का दात पिवळा वाटतो आणि आया घाबरून मुलांना घेऊन येतात. तो दात निरोगी असतो. रोज दोनदा घासलेला स्वच्छ दातही किंचित पिवळा असू शकतो, तो मळ नव्हे.

आता लिंबू. आपल्या भाषेत एक शब्द आहे, दात आंबणे. चिंच, कैरी, कच्चं संत्रं खाल्ल्यावर दात आंबतात हे लहान मुलालाही ठाऊक असतं. इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ५.५ च्या खाली गेला की हे खनिज विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो. वरणावर पिळलेलं लिंबू क्षणभर दाताला लागतं, मग लाळ ते धुऊन टाकते. मेसेज मात्र तेच आम्ल तीन मिनिटं दातावर धरून ठेवायला सांगतो, वर मिठाच्या खड्यांनी घासायलाही सांगतो. आम्लाने मऊ झालेला थर घासला की निघून जातो. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलेलं इनॅमल कातडीसारखं पुन्हा उगवत नाही.

पहिले काही दिवस दात खरंच उजळ वाटतात, हे मी नाकारत नाही. वरवरचे चहाचे डाग घासले जातात आणि आम्लाने खरवडलेला पृष्ठभाग वेगळा दिसतो. पण इनॅमल जितकं पातळ होईल तितका आतला पिवळा रंग जास्त दिसेल. म्हणजे ज्यासाठी हे केलं, नेमकं त्याच्या उलट होतं.

गेल्या वर्षी आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा एक मुलगी आली होती. लग्न दोन महिन्यांवर. म्हणाली, "डॉक्टर, मी तं रोज लिंबू लावून राहिले, मग संत्र्याची फोड चावली की कळ काहून येते?" समोरच्या चार दातांच्या कडा पातळ होऊन काचेसारख्या झाल्या होत्या. तिला ना थंड पाणी पिता येत होतं, ना गरम चहा. कळ कमी करायला उपचार आहेत, ते आम्ही केले. गेलेल्या कडा मात्र सिमेंट लावूनच भराव्या लागल्या, आणि हे सिमेंट पुढे वेळोवेळी बदलावं लागणार. तिची चूक मी मानत नाही. तिला कुणीतरी खात्रीने सांगितलं होतं की हे नैसर्गिक आहे.

सोड्याबद्दल न्यायाने बोलायला हवं. नुसता खायचा सोडा सौम्य असतो, काही टूथपेस्टमध्येही तो घालतात. पण लिंबात टाकल्यावर जो फेस येतो तो मळ निघाल्याचा पुरावा नाही. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, इतकंच. हीच क्रिया रिकाम्या वाटीतही होते. आणि चिमूटभर सोड्याने अर्ध्या लिंबाचं आम्ल संपत नाही.

मेसेजच्या दुसर्‍या एका रूपात कोळशाची पूड आणि संत्र्याची साल आहे. सालीने दात उजळतात याला आधार नाही. कोळशाच्या बाबतीत लोक आजीच्या राखुंडीचा दाखला देतात. राखुंडीने डाग निघत, खरं आहे, पण दातही झिजत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये कोळशाच्या दंतमंजनांचा आढावा आला होता. ती सुरक्षित आणि परिणामकारक आहेत असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

सफाईने दात हलतात, हा तर हमखास ऐकू येणारा समज. हलणारा दात आधीपासूनच सैल असतो. हिरडीखाली साचलेल्या कीटामुळे आधाराचं हाड झडलेलं असतं आणि त्याच कीटाने दात शेजार्‍याला चिकटून उभा असतो. कीट काढलं की खरी स्थिती कळते. कीट ठेवलं तर हाड आणखी झडतं. चार-आठ दिवस थंड लागतं, फटी जाणवतात, मग हिरडी घट्ट होते. सफाईने दात मूळ रंगाला येतात, त्यापेक्षा पांढरे होत नाहीत, हे मात्र मी प्रत्येकाला आधीच सांगते.

ब्लीचिंग म्हणजे आवरण जाळणं नव्हे. त्यातलं पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जातं आणि रंगीत रेणू तोडतं. योग्य प्रमाणात, हिरड्या झाकून केलं तर थर सोलला जात नाही. काही दिवस दात ठणकू शकतात आणि रंग हळूहळू परतू शकतो, म्हणजे ते कायमचंही नाही. कॅप किंवा सिमेंटचा रंग त्याने बदलत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेलं उत्पादन प्रत्येक वेळी पहिल्यांदा दंतवैद्याकडून किंवा त्याच्या देखरेखीतच वापरावं लागतं, १८ वर्षांखालच्यांना ते नाही. ऑनलाइन मागवलेल्या अनोळखी जेलवर मात्र टक्केवारीच छापलेली नसते, अशी पाकिटं मी पाहिली आहेत.

आणि काही डाग दाताच्या घडणीतच असतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी, पक्के दात आत घडत असताना ते पाणी प्यायलं की दातांवर पांढरे, तपकिरी चट्टे येतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. हे चट्टे घासून जाणार नाहीत. तिथे घरात लहान मूल असेल तर आधी पाणी तपासून घ्या.

शेवटी खर्रा. मेसेज म्हणतो डाग घरीच जातील. माझी खरी काळजी इथेच आहे, कारण डाग गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, तिखट सोसवत नाही. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. सावजीचा झणझणीत रस्सा आवडीने खाणारा माणूस अचानक तर्री नको म्हणू लागला, तर घरच्यांनी ते चवीचं बदलणं समजू नये. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, तरी गुडाखू (तंबाखूची पेस्ट) लावणार्‍या मावश्या मला अजून भेटतात.

दात पांढरे करून द्या म्हणून एक तरुण आला होता. मुलगी पाहायला जायचं होतं. मी तोंड उघडायला सांगितलं, तर माझा आरसाच नीट आत जाईना. त्या दिवशी त्याच्या दातांच्या रंगाचा विषय मी काढलाच नाही. त्याला मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं.

तुमच्या घरात कुणी खर्रा खात असेल तर त्यांना आज आरशासमोर उभं करा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील, किंवा तोंडात पंधरा दिवसांहून जास्त टिकलेला पांढरा-लाल चट्टा अथवा न भरणारी जखम असेल, तर लिंबू राहू द्या, उद्या सकाळीच त्यांना तपासायला घेऊन जा.