गिअरबॉक्सचं तेल जळत नाही: व्हॅनवाल्यांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात शाळेची व्हॅन चालवणारे, अक्कलकोट-गाणगापूरचं भाडं मारणारे, एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे वाहणारे, या सगळ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दर महिन्याला इंजिन चालू ठेवून कांडीनं गिअरबॉक्सचं तेल बघा. ते जळून कमी होतच असतं, म्हणून भरत राहा. सोलापूरच्या उन्हात १४० नंबरचंच, म्हणजे खूप जाड, तेल टाका. जीएल-५ दर्जाचं तेल सगळ्यात भारी, तेच सगळीकडे वापरा. तेल लाल असेल तर चांगलं, काळं झालं की बाद. आणि कमी असण्यापेक्षा थोडं जास्त असलेलं बरं.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातल्या निम्म्या सूचना आपल्या गाड्यांच्या नाहीतच आणि उरलेल्यांपैकी एक तर गिअरबॉक्स संपवणारी आहे.

‘इंजिन चालू ठेवून कांडीनं बघा’

कुठली कांडी? आपल्याकडे व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा मारुतीची ईको, नाहीतर २०१९ मध्ये बंद झालेली पण अजून धावणारी ओम्नी. दोन्हींचा गिअरबॉक्स मॅन्युअल. त्याला तेल बघायची कांडी नसतेच. जी कांडी हाताला लागते ती इंजिन ऑइलची. ती बघून कुणी ‘गिअर ऑइल कमी आहे’ म्हणून तेल ओतायला लागला, तर ते जाणार इंजिनात.

ही सूचना आली कुठून, ते ओळखणं अवघड नाही. अमेरिकेतल्या जुन्या ऑटोमॅटिक व्हॅनची ही पद्धत: गाडी सपाट जागी, तेल गरम, लिव्हर पार्कमध्ये, इंजिन सुरू, मग कांडी. तिथं ती बरोबरच आहे, कारण ऑटोमॅटिकमध्ये इंजिन फिरताना पंप तेल वर खेचतो आणि इंजिन बंद केलं की ते खाली उतरून कांडीवरची खूण फसवते. पण हाही काही सगळ्या ऑटोमॅटिकचा नियम नाही. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गाडी गरम करून, इंजिन बंद केल्यावर लगेच बघायचं असतं. नव्या कित्येक गाड्यांत तर कांडीच दिलेली नसते.

मॅन्युअलमध्ये काम सोपं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला तेल भरायचा नट असतो. गाडी सपाट, इंजिन बंद, तेल खाली बसलेलं. नट काढला की तेल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असलं पाहिजे. करंगळी वाकवून आत घातली तरी कळतं. खरी गंमत ‘सपाट’ या अटीत आहे. फक्त पुढून जॅक लावला किंवा गाडी उतरत्या रॅम्पवर उभी असली, की पातळी खोटी दिसते. पुढून-मागून सारखी उचलता येत नसेल, तर पिटवरच बघावं.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. ईको-ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट मागच्या एक्सलला. म्हणजे तेलाच्या जागा दोन: गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. गिअरबॉक्स बघून पिटवरून गाडी बाहेर काढली, तर अर्धंच काम झालं.

‘तेल जळतं, भरत राहा’

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. इंजिन ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून वर जाऊन जळू शकतं, कारण तिथं आग आहे. गिअरबॉक्समध्ये आग नाही. बंद डब्यातलं तेल कमी झालं, म्हणजे ते बाहेर गेलं. एवढा साधा हिशेब आहे.

मग गेलं कुठून? शाफ्ट जिथं गिअरबॉक्समध्ये घुसतो, तिथलं मागचं ऑइल सील आधी बघा. व्हॅनखाली मधोमध ओलसर धुळीचा थर जमला असेल तर संशय तिथंच. तेल सोडायच्या खालच्या नटाचा वॉशर जुनाच परत लावला असेल, तर थेंब तिथून. पुढचं, इंजिनाकडचं सील गेलं असेल तर तेल क्लचच्या खोलीत उतरतं आणि प्लेटला लागलं की क्लच घसरायला लागतो. तुळजापूरचा घाट चढताना इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि मालक नवी क्लच प्लेट घालून मोकळा होतो. सील तसंच. पुढं ती प्लेटही तेलातच भिजते.

चौथी जागा सहसा कुणी बघत नाही: ब्रीदर. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि या छोट्या भोकातून बाहेर पडते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून जाऊन काळ्या मातीचा चिखल तिथं बसला आणि उन्हानं वाळून घट्ट झाला, की हवेला वाट उरत नाही. मग ती चांगल्या सीलमधूनही तेल ढकलते. अशा गाडीला सील बदलून उपयोग नाही. आधी ब्रीदर साफ करा.

दर महिन्याला भरत राहणारा माणूस यातलं काहीच शोधत नाही. ज्या महिन्यात भरायचं राहून जातं, त्या महिन्यात बेअरिंग ओरडायला लागतं.

‘सोलापूरच्या उन्हाला १४० नंबर’

मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, हे खरं. पण गिअर ऑइलच्या डब्यावर ७५डब्ल्यू-९० असा नंबर असतो, त्यातला ९० हा आकडा तेलाचा जाडपणा १०० अंशांवर मोजून ठरवलेला असतो. म्हणजे सोलापूरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त उष्णता त्यात आधीच धरलेली आहे. शिवाय गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगळ्या मापाचे. ९० नंबरचं गिअर ऑइल जाडीला साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच असतं.

१४० टाकल्यावर काय होतं ते सकाळच्या पहिल्या शाळेच्या फेरीत कळतं. गिअर टाकताना सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणाऱ्या, रिंगला मधला तेलाचा थर कापून पकड घ्यावी लागते. तेल जाड असलं की ते लवकर होत नाही, गिअर अडतो, ड्रायव्हर जोर लावतो. हे तेल ट्रॅक्टरसाठी, जड गाड्यांसाठी. व्हॅनला पुस्तकात लिहिलेलं तेल घाला.

‘जीएल-५ सगळ्यात भारी’

आकडा मोठा म्हणजे तेल चांगलं, असं नाही. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, ती मागच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरसाठी. तिथं दात एकमेकांवर दाबून घासत जातात. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना मात्र यातली काही तेलं खातात, आणि त्या रिंगांना जी पकड लागते तीही कमी होते. जिथं कंपनीनं जीएल-४ सांगितलंय तिथं जीएल-४. दोन्हींना चालतं असं डब्यावरच छापलेलं असेल, तर प्रश्न नाही.

‘लाल चांगलं, काळं बाद’

लाल रंग ऑटोमॅटिकच्या तेलात मुद्दाम मिसळलेला असतो, गळती ओळखता यावी म्हणून. आपल्या गिअर ऑइलचा रंग मधासारखा आणि वास नव्या डब्यातही उग्रच. वापरून ते गडद होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तेव्हा बदला. नटाच्या चुंबकावर राखाडी गाळ असणारच. पण नखाला टोचणारे तुकडे निघाले, तर तेल बदलून भागणार नाही.

मेसेजमधली एक सूचना मात्र मान्य: कांडी पुसायला धागे सुटणारं फडकं नको. सोलापुरात टॉवेलच्या चिंध्या नि कॉटन वेस्ट प्रत्येक गॅरेजमध्ये ढिगानं. मॅन्युअलला त्यानं फारसं बिघडत नाही, पण ऑटोमॅटिकमधल्या बारीक वाटांत धागा अडकला तर काम वाढतं.

‘थोडं जास्त असलेलं बरं’

नाही. जास्त तेल गिअरच्या दातांनी घुसळलं जातं, फेस होतो, तापतं आणि ब्रीदरमधून बाहेर येतं. बाजूच्या नटातून भरलं तर जादा तेल आपोआप ओघळून जातं. ते थांबेपर्यंत थांबा, मगच नट लावा.

तेल बदलायला पिटवर गाडी घेतली, तर आधी भरण्याचा नट सुटतो का ते बघायला सांगा. खालचा निचऱ्याचा नट त्यानंतर. उलट केलं आणि भरण्याचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गिअरबॉक्स रिकामा, गाडी पिटवर, आणि दुपारी शाळा सुटायच्या आत दुसरी व्हॅन शोधावी लागते.